वाचनालयाच्या शाखांची पाहणी: इमारत, पुस्तकं आणि वस्तीची गरज कशी तपासावी? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वाचनकट्टा

सोलापूर शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या पाच शाखांची पाहणी करून कार्यकारिणीला दिवाळीआधी अहवाल द्यायचा आहे. शाखा अशा:

१) पूर्व भागात चाळीच्या पहिल्या मजल्यावर, पागडीची जागा
२) जुन्या गावठाणात स्वतःची जागा, दगडी भिंती, वर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत)
३) महापालिकेच्या शाळेतली एक खोली
४) भाड्याचा गाळा, रस्त्यालगत
५) देवस्थानच्या सभागृहाची एक बाजू

प्रत्येक शाखेत ७ ते ९ हजार पुस्तकं. मनुष्यबळ म्हणजे दोन निवृत्त अभियंते, एक ग्रंथपाल आणि सहा महाविद्यालयीन मुलं. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं, देवघेव (सभासदांनी पुस्तकं नेणं-परत करणं) सर्वांत कमी असलेल्या दोन शाखा सरळ बंद करा. तो निकष पुरेसा आहे का? नसेल तर काय काय मोजायचं, आणि कुठल्या क्रमाने?

दाखलनोंद

देवघेव हा आकडा शाखेत काय चालतं ते सांगतो. शाखेच्या आजूबाजूला काय हवं आहे ते सांगत नाही. दुपारी १२ ते ४ बंद असलेल्या, महिलांसाठी स्वच्छतागृह नसलेल्या आणि तीन वर्षांत नवं पुस्तक न घेतलेल्या शाखेची देवघेव कमीच दिसणार. ती बंद करून वस्तीला वाचन नको होतं असं लिहिलं, तर तो उलटा हिशोब झाला.

पाहणीचे तीन वेगळे कागद करा: इमारत, संग्रह, वस्ती. तिन्हीचे गुण एकत्र मिळवू नका. सगळ्या बाबींना दहापैकी गुण देऊन सरासरी काढायची पद्धत फार चालते. तिच्यात तुळई कुजलेली शाखा चांगल्या टेबलखुर्च्यांच्या जोरावर 'समाधानकारक' ठरते. इमारतीला १ ते ४ अशी श्रेणी द्या, गरजेला वेगळी १ ते ४ द्या आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा. इमारत ४ (वाईट) आणि गरज ४ (जास्त) असलेली शाखा हलवायची असते, बंद करायची नसते.

संग्रहाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.

स्लॅबवाला

इमारतीपुरतं सांगतो. सुरुवात शाखा १ पासून करा, धोका तिथे आहे.

चाळीची खोली राहण्यासाठी बांधलेली असते. आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) भाग २ प्रमाणे राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीला २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० किलो. आता तुमचा एक दुहेरी रॅक घ्या: तीन फूट रुंद, सहा फळ्या, दोन्ही बाजूंनी भरलेला. त्यात जवळपास ११ मीटर पुस्तकं बसतात. मीटरला २५ ते ३० किलो धरले तर २७५ ते ३३० किलो, वर लोखंडाचे ४०. दोन रॅकच्या मध्ये तीन फुटांची वाट असेल तर हा भार चौरस मीटरला २६० ते ३०० किलोवर जातो. जागा कमी म्हणून वाट दोन फुटांची केली की ३३० ते ३९०. म्हणजे नीट वाट सोडूनही मर्यादा ओलांडलेलीच आहे, आणि जुन्या चाळीला तेवढी तरी ताकद उरली आहे का हा पुढचा प्रश्न.

बघायची लक्षणं: खोलीच्या मधोमध फरशीचे सांधे उघडलेले, एकाच बाजूच्या कपाटांची दारं अडकणं, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला पडलेल्या भेगा. खालच्या बिऱ्हाडात जाऊन वर बघा. हे काम कुणी करत नाही, आणि खरं उत्तर तिथेच असतं. लोखंडी तुळया असतील तर त्या भिंतीत शिरतात तिथला गंज तपासा.

तात्पुरता उपाय: मधले दुहेरी रॅक काढून एकेरी रॅक भारवाही भिंतींच्या कडेने लावा, बांधीव मासिकं आणि कोश तळमजल्यावर हलवा. कायमचा निर्णय संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल आल्यावर. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर महापालिका कायद्याच्या कलम २६५अ खाली संरचना तपासणी मालक-भोगवटादारांवर बंधनकारकच आहे, त्यामुळे मालकाला पत्र द्यायला आधार मिळतो.

पूर्वभाग

माळवदाबद्दल. गावठाणातल्या जुन्या वाड्यांत दर दोन-तीन वर्षांनी पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कुणी काढत नाही. थर एक फुटाच्या वर गेला असेल तर तुळयांवर किती ओझं आहे ते अभियंत्यांना विचारा. तुळई बहुधा मधे कुजत नाही, भिंतीत घुसते त्या टोकाला कुजते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे दाबून बघा. पाव इंच सहज आत गेलं तर लाकूड गेलं. वरून रंग दिलेला असतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही.

स्लॅबवाला

बरोबर. ओल्या मातीचं वजन कोरड्यापेक्षा बरंच जास्त, म्हणून माळवद पडायच्या बातम्या पावसाळ्यात येतात. माती उतरवताना एका बाजूने सगळी काढू नका, दोन्हीकडून सारखी काढा.

बाकी शाखांसाठी मुलांना देता येईल अशी कामं:

छोट्या हातोडीने प्लास्टर ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल काढून फोटो. स्लॅबखाली सळीच्या रेषेत तपकिरी डाग असेल तर वेगळी नोंद, कारण आत गंज फुगतो आहे.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. दोन महिन्यांनी भेग रेघेपुढे गेली का बघा. केसासारखी प्लास्टरची भेग आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी ३ मिमीची भेग या एकाच रकान्यात लिहू नका.

वीज: मुख्य बोर्डाचं झाकण इलेक्ट्रिशियनकडूनच उघडा. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारी बटणं) आहेत की अजून फ्यूजची तार, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आहे का, अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का. बोर्डासमोर कपाट उभं असेल तर ते त्याच दिवशी हलवा, अहवालाची वाट बघू नका. अग्निशामक असेल तर दाबमापकाचा काटा आणि शेवटच्या तपासणीची तारीख.

उतार: रॅम्प १ ला १२. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या म्हणजे ४५ सेंमी चढ, त्याला ५.४ मीटर लांबी लागते. गाळ्यापुढे एवढी जागा नसतेच. मग दीड मीटरचा घसरगुंडीसारखा उतार करून 'सुगम्य' लिहितात. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि म्हातारं माणूस घसरतं.

आणि पाहणी होईपर्यंत भिंतींना नवा रंग देऊ नका. रंगाने अर्धे पुरावे झाकले जातात.

हर्णेकर

कोकणातल्या वाचनालयांची यादी घेतली तर पहिलं कलम बुरशी असतं. तुमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे तुमचे शत्रू धूळ, ऊन आणि वाळवी. तरी ३००-४०० रुपयांचा आर्द्रतामापक प्रत्येक शाखेत ठेवा. सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या पुढे राहिली तर बुरशी येणार. रॅक भिंतीपासून सहा इंच सोडून, खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. भिंतीला चिकटलेल्या कपाटाची मागची बाजू बघितल्याशिवाय वाळवी नाही असं लिहू नका. मातीची बारीक नळी पायाजवळून सुरू होते आणि थेट मागच्या पत्र्यावरून वर जाते, पुढून काहीच दिसत नाही.

नळ्या झाडून टाकणं हा उपाय नव्हे, वाळवी दुसरीकडून येते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात एक-एक फुटावर १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर वाळवीनाशक औषध, ही आयएस ६३१३ या भारतीय मानकातली पद्धत. काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि त्या दिवशी शाखा बंद ठेवा. डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही, वाचकांचं डोकं मात्र दुखतं.

दाखलनोंद

आता संग्रह. ९ हजार पुस्तकं एकेक बघत बसलात तर दिवाळी पुढच्या वर्षीची. शाखेमागे ४०० पुस्तकांचा नमुना घ्या, टक्केवारी अधिक-उणे पाचच्या आत येते. ९ हजार भागिले ४०० म्हणजे दर बावीसावं पुस्तक. पहिलं पुस्तक १ ते २२ मधून चिठ्ठी टाकून. 'चांगलं दिसतंय ते घे' असं झालं की नमुना गेला.

हा नमुना दोन दिशांनी घ्या. निम्मी पुस्तकं फळीवरून उचलून दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद) शोधा, निम्मे दाखल अंक (त्या नोंदीतले क्रमांक) नोंदवहीतून काढून फळीवर शोधा. पहिल्या दिशेने बेनोंद पुस्तकं सापडतात, दुसरीने गहाळ. बहुतेक ठिकाणी फक्त पहिली दिशा करतात आणि गहाळ शून्य दाखवतात. (दोन दिशांचे निकाल वेगवेगळे लिहा. २०० च्या नमुन्यात चूक अधिक-उणे सातपर्यंत जाते, तेवढी चालेल.)

प्रत्येक पुस्तकाची एक ओळ: दाखल अंक, प्रकाशन वर्ष, भाषा, विषय, पाठ सुटली का, पानं पिवळी की ठिसूळ, कीड, ओल, शेवटची देवघेव. ठिसूळपणा बघायला पानाचा कोपरा हलकेच वाकवा. करकचून दुमडून मोडायची परीक्षा दुर्मिळ पुस्तकांवर करू नका. दोघांच्या जोडीला एका पुस्तकाला दोन मिनिटं, म्हणजे ४०० ला तेरा-चौदा तास. दोन जोड्या, एक पूर्ण दिवस.

शेवटची देवघेव मागच्या तारीखपट्टीवर मिळते. एक फसवणूक असते: पुनर्बांधणीत जुनी पट्टी जाते आणि नवी कोरी असते. अशा पुस्तकाला 'कधीच गेलं नाही' असं लिहिलं जातं, खरं तर ते इतकं गेलं की बांधावं लागलं. बांधणीचं कापड दिसलं की त्या रकान्यात 'पट्टी नवी' लिहा. देवघेव ई-ग्रंथालय किंवा कोहा या संगणक प्रणालीवर असेल तर तिथून यादी काढा, पण संगणकीकरणाच्या तारखेआधीचं त्यात नसतं.

गहाळ किती चालेल, हा प्रश्न हमखास येतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ त्यांच्या ग्रंथालयांसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून वापरा: वर्षात दिलेल्या-चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ ही वाजवी घट. शाखेची देवघेव वर्षाला ६ हजार असेल तर ३०. त्याच नियमात २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी सांगितली आहे.

निर्लेखनाचं (पुस्तक नोंदीतून कायमचं काढण्याचं) मात्र सावकाश. यादी, कार्यकारिणीचा ठराव, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, मग रद्दी. ग्रंथसंख्या अनुदानासाठी ठरलेल्या तुमच्या वर्गाच्या निकषाखाली गेली तर अनुदानाचा प्रश्न येतो, म्हणून काढायची आणि घ्यायची यादी एकाच वेळी तयार ठेवा.

घाटमाथा

वस्तीची गरज. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण प्रश्नावली शाखेच्या टेबलावर ठेवतात. जो येतो तोच भरतो.

आधी शाखेच्या आत मोजणी. एका साध्या आठवड्यात दर तासाला ठरावीक वेळी फेरी मारून डोकी मोजा आणि कोण काय करतंय ते लिहा: वर्तमानपत्र, देवघेव, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, मुलं, फॉर्म भरणं, नुसतं पंख्याखाली बसणं. कुणालाही काही विचारायचं नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणपती हे दिवस टाळा.

मग बाहेर. शाखेपासून चालत पंधरा मिनिटं, साधारण एक किलोमीटर. नकाशावर वर्तुळ काढून थांबू नका. रेल्वे रूळ, मोठा रस्ता, नाला आला की ते क्षेत्र तिथेच संपतं, लहान मुलासाठी तर नक्कीच. क्षेत्रात अंगणवाड्या किती, शाळा कोणत्या माध्यमाच्या, हे तिथे जाऊन लिहून घ्या. २०११ च्या जनगणनेचे आकडे पार्श्वभूमीला ठीक, निर्णयाला फार जुने.

घरं: टक्केवारी लिहायची असेल तर शाखेमागे साधारण १०० घरं, त्यात चूक अधिक-उणे दहापर्यंत. चारशे घरं तुमच्या सहा मुलांना झेपणार नाहीत. दर अमुकावं घर, आणि गल्लीच्या आतलीही, फक्त रस्त्यावरची नाही. दार बंद असेल तर वेगळ्या वेळी दोनदा परत जा, मगच शेजारचं घर. कामावर जाणाऱ्यांची घरं दिवसा बंद असतात, आणि तीच वगळली गेली की सर्वेक्षणात फक्त घरी असणारी माणसं उरतात.

'वाचनालयाकडून काय हवं?' हा प्रश्न विचारू नका. सगळे 'चांगली पुस्तकं' म्हणतात. हे विचारा: मुलं शाळा सुटल्यावर कुठे बसतात? गेल्या महिन्यात कुठला अर्ज भरायला कुणाकडे गेलात, किती पैसे दिले? घरात शेवटचं छापील काय वाचलं, कुणी आणलं? कुठल्या भाषेत वाचता? संध्याकाळी किती वाजता मोकळे होता?

पूर्वभाग

भाषेचा मुद्दा अधोरेखित. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, दुसरीकडे कन्नड, काही मोहल्ल्यांत उर्दू. आणि घरात तेलुगू बोलणारी मुलं मराठी शाळेत शिकतात, त्यामुळे बोलीभाषा आणि वाचनभाषा वेगळे रकाने करा. नाहीतर तेलुगू पुस्तकांवर पैसे जातील आणि वाचणाऱ्या फक्त आज्या निघतील. (त्यांच्यासाठी घेतली तर वाईट नाहीच.)

विडी करणाऱ्या बायका घरी काम करतात, त्यांना घरी गाठणं सोपं. पण तयार विड्या जमा करायला जायची वेळ सोडून जा, आणि हात चालू असताना पाच मिनिटांत संपेल एवढंच विचारा.

दुसरं म्हणजे वस्तीच हलली आहे. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आधीच आहे, आणि २०२४ च्या जानेवारीत तिथल्याच रे नगर वसाहतीची १५ हजार घरं दिली गेली. जुन्या शाखेचे सभासद घटले त्यात वाचन सुटलेले किती आणि राहायला गेलेले किती, हे वेगळं काढल्याशिवाय शाखा १ बद्दल काही ठरवू नका.

घाटमाथा

ते काढता येतं. गेल्या तीन वर्षांत वर्गणी थांबलेल्यांची यादी सभासद नोंदवहीतून काढा, त्यातल्या ५० जणांना फोन. एकच प्रश्न: आता कुठे राहता? पन्नासपैकी वीस-पंचवीस कुंभारीकडे निघाले तर तिथे आठवड्यातून दोन दिवस पेटी-वाचनालय सुरू करून बघा. दोनशे पुस्तकांच्या पेट्या, टेम्पो आणि एक माणूस. सहा महिने चाललं तर मग जागा शोधा.

अभ्यासू_पोर

सगळे देवघेवीवर बोलताय. आज शाखा भरलेल्या दिसतात त्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांमुळे. अभ्यासिकेची फी येते, वीजबिल निघतं. पाचही ठिकाणी अभ्यासिका करा, प्रश्न मिटला.

दाखलनोंद

मिटत नाही. अभ्यासिकेचा मुलगा एका खुर्चीवर नऊ-दहा तास बसतो, स्वतःची पुस्तकं आणतो. तीस खुर्च्यांची शाखा तीस माणसांत भरते आणि तासाच्या मोजणीत दिवसभर तीस दिसतात. त्याच खुर्च्यांवर चार ते साडेसहा मुलं आणि महिला बसल्या असत्या तर नव्वद वेगळी माणसं आली असती. म्हणून मोजणीत डोकी आणि वेगळी माणसं हे दोन आकडे ठेवा. अभ्यासिकेची गरज खरी आहे, घरात एकच खोली असलेल्या मुलाला दुसरी जागा नसते. पण तिला वेगळं दार किंवा वेगळी वेळ द्या. बालविभागाचं टेबल आधी जातं आणि नंतर कधीच परत येत नाही.

अभ्यासू_पोर

वेगळी वेळ म्हणजे आम्ही चार वाजता उठायचं? रात्री ११ पर्यंत उघडी ठेवणार असाल तर चालेल.

दाखलनोंद

रात्रीची वेळ रास्त आहे. मग रात्रीचा माणूस, त्याचा पगार आणि बाहेरचा दिवा खर्चात धरा.

खतावणी

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. पागडीची शाखा 'तात्पुरती बंद' करायच्या आधी वकिलाला विचारा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणं हे ताबा मागायचं कारण आहे. दुरुस्तीसाठी बंद ठेवत असाल तर मालकाला लेखी कळवा, पोच ठेवा.

शाखा २ चा पुढचा भाग दुकानाला द्यावा अशी सूचना येईलच. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला किंवा विकायला १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

शाळेच्या खोलीचं परवानगीपत्र कोणाच्या नावे, मुदत कधी संपते, वीज कोण भरतं, आणि मे महिन्यात फाटकाची किल्ली कोणाकडे, हे चार रकाने इमारतीच्या कागदावरच ठेवा. सुट्टीत मुलं मोकळी आणि शाखेला कुलूप, हे शाळेतल्या शाखांचं नेहमीचं दुखणं.

वाचनकट्टा

सर्वांचे आभार, खूपच कामाचं मिळालं. दोन शंका. स्वच्छतागृह दोनच शाखांत आहे, त्याला किती वजन द्यायचं? आणि उजेड कसा मोजायचा, फोनवरच्या ॲपने चालेल?

स्लॅबवाला

ॲपचा आकडा खरा धरू नका, एकाच फोनने पाचही शाखांची तुलना मात्र होते. वाचायच्या टेबलावर ३०० लक्सच्या (उजेडाचं एकक) आसपास हवेत. संध्याकाळी सातला मोजा, दुपारी नको. रॅकच्या सर्वांत खालच्या फळीवरही मोजा. बहुतेक ठिकाणी ट्यूब रॅकला समांतर नसून आडवी लावलेली असते आणि खालच्या दोन फळ्या अंधारात राहतात. तिथली पुस्तकं जात नाहीत त्याचं कारण वाचकांची आवड नसते.

घाटमाथा

स्वच्छतागृह इमारतीच्या आणि गरजेच्या दोन्ही कागदांवर लिहा. महिला आणि ज्येष्ठ किती वेळ थांबतात ते त्यावरच ठरतं. फक्त 'आहे/नाही' नको: पाणी आहे का, कडी आहे का, किल्ली मागावी लागते का. सोलापुरात रोज पाणी येत नाही, पाच दिवसांचं अंतर धरून टाकी मोजा. दिवसाला ४० माणसं, माणशी ५ लिटर, म्हणजे पाच दिवसांना १००० लिटर. ५०० ची टाकी असलेल्या शाखेत तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागतं आणि चौथ्या दिवशी महिला विभाग रिकामा असतो.

वाचनकट्टा

मग क्रम असा धरतो: या शनिवारी चाळीतल्या खालच्या बिऱ्हाडाचं छत आणि माळवदाच्या तुळया, पुढच्या आठवड्यात तासाची मोजणी, त्यानंतर पुस्तकांचा नमुना, घरं शेवटी. तक्ते एक्सेलमध्ये करून इथेच टाकतो.

दाखलनोंद

तासाची मोजणी नि घरं एकाच आठवड्यात करू नका, मुलं पुरणार नाहीत. आणि नमुन्याच्या तक्त्यात 'पट्टी नवी' हा रकाना विसरू नका.